परतीचे तिकीट मागा, पण पैसे घेण्याआधी

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री,
नवी दिल्ली



मी वसईत राहते. शाळेत शिकवून निवृत्त झाले. माझे जुने विद्यार्थी आज वसई, नालासोपारा, विरारभर पसरले आहेत आणि कागदपत्रांची अडचण आली की त्यातले बरेचजण अजून ‘बाई, जरा बघता का?’ म्हणत दारात येतात. पूर्वी ते कागद म्हणजे उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डातली नावे, बँकेच्या कर्जाचा फॉर्म. अलीकडे त्यांत विमानाची तिकिटे आली. त्या तिकिटांबद्दल आपल्याला लिहिते आहे.

म्हणणे थोडक्यात असे. ज्या देशात जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, तिथे जाणाऱ्या प्रवाशाकडे तिथून बाहेर पडण्याचे तिकीट असावे लागते. परतीचे असो की पुढच्या देशाचे. नियम जुना आहे आणि त्यामागे कारणही आहे. पण आमच्या माणसाला तो कळतो कधी? मध्यरात्री, मुंबई विमानतळावर, सहारच्या टर्मिनलवर, बॅगा वजनकाट्यावर चढवल्यानंतर. तिकिटाचे पैसे भरताना हे त्याला सांगायला कोणी बांधील नव्हते. ती बांधिलकी आपण विमान कंपन्यांवर आणि तिकीट विकणाऱ्या प्रत्येकावर घालावी, एवढ्यासाठी हे जाहीर पत्र.

आमच्या भागाला परदेश नवा नाही. वसईच्या गावांतून माणसे आखातात गेली, जहाजांवर गेली. घरोघरी कोणी ना कोणी ‘बाहेर’ असते. पण ती कामाला जाणारी माणसे होती. त्यांच्या हातात कंपनीचे पत्र असे, कागद कोणीतरी लावून दिलेले असत. हौसेने, स्वतःच्या पैशाने, आठवडाभर फिरून यायला परदेशी जाणे हे मात्र डॉक्टर-बिल्डरांचे काम समजले जाई. ते चित्र बदलले. थायलंडने १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसा माफ केला आणि १५ जुलै २०२४ पासून मुक्कामाची मुदत ६० दिवसांवर नेली. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांसाठी दार उघडले आणि ती सवलत २०२६ अखेरपर्यंत वाढवली. फिलिपिन्सने जून २०२५ मध्ये १४ दिवस दिले. मॉरिशस आपल्याला कधीपासूनच खुले आहे. वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत काम करणारा मुलगा, बोळिंजच्या दवाखान्यातली नर्स, रोज सकाळी विरार लोकलमध्ये लटकणारा अकाउंटंट यांनाही आता बँकॉकला जाता येते. कोणी भिशी लागली म्हणून जातो, कोणी हप्त्यावर. याचा मला मनापासून आनंद आहे. नकाशावर बोट ठेवून ज्यांना मी ‘हा सयाम, आताचा थायलंड’ असे शिकवले, ती मुले तिथे जाऊन मला फोटो पाठवतात. शिक्षकाला याहून काय हवे?

पण या मुलांच्या घरात त्यांच्याआधी कोणी असा प्रवास केलेला नसतो. विचारायचे कोणाला? वसई रोड स्टेशनबाहेर, आचोळे रोडवर, विरारच्या दोन्ही बाजूंना टूर्स अँड ट्रॅव्हल्सच्या पाट्यांवर मोठ्या अक्षरांत ‘व्हिसा फ्री’ लिहिलेले असते. ते वाचून माणूस सरळ समजतो की पासपोर्ट घ्यायचा, तिकीट काढायचे आणि निघायचे. व्हिसामाफीलाही अटी असतात हे पाटीवर नसते. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी, राहण्याचे ठिकाण दाखवता आले पाहिजे, खर्चाला पैसे आहेत हे सांगता आले पाहिजे. मलेशियाला जाण्याआधी ऑनलाइन आगमनपत्र भरावे लागते, थायलंडनेही १ मे २०२५ पासून तसेच सुरू केले. आणि बाहेर पडण्याचे तिकीट हवे. व्हिसा काढताना वकिलातीत किंवा अर्जकेंद्रावर कोणीतरी हे कागद आधीच तपासून घेत असे. व्हिसा गेला, त्याबरोबर ती आधीची तपासणीही गेली. सगळी तपासणी आता एकाच जागी उरली आहे, चेक-इन काउंटरवर. तिथे चूक निघाली तर दुरुस्तीला तासभरही मिळत नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याचे सांगते. तो आणि त्याची बायको नालासोपारा पूर्वेला राहतात. लग्नानंतर कुठे गेले नव्हते, म्हणून चार वर्षे पैसे साठवून दोघांनी बेत केला. बँकॉक पाहायचे, तिथून रात्रीच्या रेल्वेने दक्षिणेला पाडांग बेसारपर्यंत यायचे, सीमा ओलांडून पेनांग, मग क्वालालंपूर, आणि तिथून विमानाने मुंबई. बेत उत्तम होता. मुंबई-बँकॉक हे एका कंपनीचे तिकीट, क्वालालंपूर-मुंबई हे दुसऱ्या कंपनीचे. मधली रेल्वे तिथे गेल्यावर काढायची, कारण बँकॉकमध्ये किती दिवस रमू हे आधी ठरवायचे नव्हते. मी स्वतः ते कागद पाहिले होते. व्यवस्थित फाईलमध्ये लावलेले, हॉटेलांच्या पावत्यांसकट.

रात्री अडीचचे विमान. वसई फाट्यावर आणि वर्सोवा पुलाच्या अलीकडे गाड्या तुंबतात हे माहीत असल्याने ती दोघे साडेआठलाच गाडी करून निघाली. काउंटरवरची मुलगी चांगली होती, मराठीच होती. तिने पासपोर्ट घेतले, संगणकात पाहिले आणि विचारले, ‘‘दादा, थायलंडमधून बाहेर पडायचं तिकीट दाखवा.’’ त्याने क्वालालंपूर-मुंबईचे तिकीट पुढे केले. ती म्हणाली, ‘‘हे मलेशियातून आहे. थायलंडमधून कसे निघणार?’’ रेल्वेने. ‘‘रेल्वेचं तिकीट?’’ ते तिथे काढणार. मुलीने वरिष्ठाला बोलावले. वरिष्ठ म्हणाले, तिकीट दाखवा नाहीतर बोर्डिंग पास देता येणार नाही. नियम कुठे लिहिला आहे असे त्याने विचारले. उत्तर मिळाले, ‘‘सिस्टीममध्ये आहे.’’ पडदा त्यांच्याकडे होता, त्याच्याकडे नव्हता.

मग काय झाले असेल ते आपण ओळखाल. बाजूला उभे राहून मोबाईलवर बँकॉक-क्वालालंपूरचे तिकीट शोधणे, बँकेचा ओटीपी न येणे, बायकोचे कार्ड काढणे, तिच्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद असणे, मला फोन. माझ्या शेजाऱ्याच्या कार्डावरून शेवटी पैसे भरले. काउंटर बंद व्हायच्या बेतात त्यांना बोर्डिंग पास मिळाले. त्या दोन तिकिटांवर कोणी बसले नाही, कारण ती दोघे ठरल्याप्रमाणे रेल्वेनेच गेली. ते पैसे परत न मिळणारे होते. पाडांग बेसारला थायलंडच्या अधिकाऱ्याने शिक्का मारला, मलेशियाच्या अधिकाऱ्याने शिक्का मारला, बँकॉकच्या विमानतळावर तर तिकिटाचा विषयही निघाला नव्हता. आणि थोड्या दिवसांनी त्याच कंपनीच्या त्याच विमानाने, तसाच बेत करून गेलेल्या त्याच्या मित्राला सहारला कोणी काही विचारलेच नाही.

मला त्या मुलीचा राग नाही. तिच्या बाजूने पाहिले तर तिने जे केले ते तिला करणे भागच होते. १९४४ च्या शिकागो कराराने जगातल्या विमानप्रवासाची घडी बसवली. त्या कराराच्या नवव्या परिशिष्टात प्रवासी चढवण्याआधी त्याचे कागद पाहण्याची जबाबदारी विमान कंपनीवर टाकली आहे. प्रवाशाला त्या देशाने प्रवेश नाकारला तर त्याला परत घेऊन जाण्याचे कामही कंपनीकडेच येते, आणि कित्येक देश वर दंड लावतात. आपल्याकडेही २००० सालच्या कायद्यात योग्य कागदांविना भारतात आणलेल्या प्रत्येक प्रवाशामागे कंपनीला एक लाख रुपये दंडाची तरतूद होती. आता त्या कायद्याची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या स्थलांतर व परदेशी नागरिक कायद्याने घेतली आहे. शिवाय हे तिकीट आपणही मागतो. भारताचा ई-व्हिसा घेणाऱ्या पाहुण्याकडे परतीचे किंवा पुढच्या प्रवासाचे तिकीट असावे, असे आपल्याच सरकारच्या सूचनेत आहे. तेव्हा परक्या देशांनी आपल्या लोकांना ते विचारले म्हणून तक्रार करायला मला जागा नाही. पाहुणा कधी जाणार हे विचारायचा यजमान देशाला हक्क आहे.

माझी तक्रार त्या पडद्याबद्दल आहे. काउंटरवरची मुलगी जी माहिती पाहते, ती बहुतेक ठिकाणी ‘टिमॅटिक’ नावाच्या कोशातून येते. विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आयाटा ही तो चालवते. प्रवासी कोणत्या देशाचा, कुठून कुठे जातो, किती दिवस राहणार, एवढे घातले की कोणते कागद लागतील ते तिथे दिसते. म्हणजे माहिती तयार आहे, रोज सुधारली जाते, कंपन्या त्यासाठी पैसेही मोजतात. तिकीट काढताना प्रवासी आपले नागरिकत्व लिहितो, तारखा निवडतो, एकेरी की दुहेरी ते सांगतो. कंपनीला तेव्हाच सगळे कळलेले असते. ‘आपण भारतीय पासपोर्टवर बँकॉकचे एकेरी तिकीट काढत आहात. थायलंडमधून बाहेर पडण्याचा पुरावा चेक-इनच्या वेळी मागितला जाईल’ हे दोन ओळींचे वाक्य पैसे भरण्याच्या बटणाच्या वर दाखवायला कितीसा खर्च येईल? आज पुष्कळ ठिकाणी आपल्याला काय दिसते, तर अटी-शर्तींच्या लांबलचक इंग्रजी मजकुरात कुठेतरी एक वाक्य, की प्रवासाचे कागद सांभाळणे ही प्रवाशाचीच जबाबदारी आहे. औषधाच्या पट्टीवर मुदतीची तारीख छापणे आपण कारखानदाराच्या मर्जीवर सोडलेले नाही. ही सूचनाही कंपनीच्या मर्जीवर राहू नये.

आणि सूचना मराठीत हवी, हिंदीत हवी, ज्या राज्यातून विमान उडते तिथल्या भाषेत हवी. इंग्रजी वाचता येणे आणि रात्री दहा वाजता मोबाईलवर जागा संपत असताना इंग्रजी अटींचा अर्थ लावणे यांत फार अंतर आहे. माझ्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी वाईट नाही, मी शिकवलेले आहे. तरी ‘ऑनवर्ड’, म्हणजे पुढच्या प्रवासाचे तिकीट, हा शब्द त्यांच्यापैकी बहुतेकांनी काउंटरवरच पहिल्यांदा ऐकला.

दुसरी गोष्ट, पुरावा कशाला म्हणायचे याचे उत्तर सगळीकडे एकच असू द्या. रेल्वेचे तिकीट चालते का? बसचे? थायलंडच्या कोह लिपे बेटावरून मलेशियाच्या लंकावीला फेरीबोट जाते, तिचे? दुसऱ्या कंपनीच्या विमानाचे? तिसऱ्या देशातून मायदेशी येणारे तिकीट, जसे या जोडप्याकडे होते? एका काउंटरवर हो, दुसऱ्यावर नाही, असे होत असेल तर माणूस तयारी तरी कशाची करणार? ज्या देशांशी आपला व्हिसामाफीचा व्यवहार आहे, त्यांच्याकडून हे एकदा लेखी विचारून घेऊन नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना कळवले तर काउंटरवरच्या मुलामुलींचाही जीव भांड्यात पडेल. आज चूक झाली तर त्यांच्या नोकरीवर येते, म्हणून ती कडक बाजूने चूक करतात.

दिवस मोजण्याचेही तेच. माझ्याकडे एक आजी आल्या होत्या, भुईगावच्या. मुलगी क्वालालंपूरला, तिचे बाळंतपण. आजींनी ५ तारखेला जाऊन पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला यायचे तिकीट काढून घेतले होते, ‘महिन्याची सूट आहे ना’ म्हणून. महिना ३१ दिवसांचा. पोचल्याचा आणि निघाल्याचा दिवस धरून मोजले तर ते ३२ दिवस भरतात, आणि मुभा आहे ३० दिवसांची. तारीख बदलून घ्यायला लावली, बदलाचे पैसे गेले, पण विमानतळावर रडायची वेळ आली नाही. तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळाने ते ३२ दिवस मोजले नव्हते असे नाही. दोन्ही तारखा त्याच्यासमोर होत्या.

आता मला ज्याची सगळ्यांत जास्त काळजी वाटते ते लिहिते. नियम आधी सांगितला जात नाही आणि तिकीट मात्र ऐनवेळी मागितले जाते, या फटीत एक धंदा उभा राहिला आहे. डमी तिकिटांचा. काहीशे रुपये द्या, दहा मिनिटांत व्हॉट्सअॅपवर तुमच्या नावाचे, पीएनआर क्रमांक असलेले परतीचे तिकीट येते. काही एजंट आरक्षण यंत्रणेत जागा फक्त धरून ठेवतात, पैसे भरत नाहीत. एक-दोन दिवसांत ती आपोआप सुटते. ज्यांच्याकडे तीही सोय नाही ते सरळ संगणकावर कागद बनवून देतात. गिऱ्हाइकाला दोन्हीतला फरक कळत नाही. ‘सगळे असेच जातात’ एवढे त्याला सांगितलेले असते. काउंटरवर पीएनआर तपासला आणि तो मेलेला निघाला तर प्रवास तिथेच संपतो. आणि कागद बनावट असेल तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकते. सोडायला आलेले नातेवाईक रद्द झालेले तिकीट दाखवून टर्मिनलमध्ये शिरले म्हणून मुंबई विमानतळावर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. हौसेने फिरायला निघालेला मुलगा, ज्याने आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नाही, त्याला आपण पाचशे रुपयांच्या कागदापायी त्या टोकाला का जाऊ द्यावे?

यातली खरी धोक्याची बाजू वेगळीच आहे. मूळ हा नियम माणसाला सांभाळण्यासाठीही आहे. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’चा, म्हणजे उत्प्रवासन तपासणी आवश्यक असल्याचा, शेरा असतो. नोकरीसाठी १८ ठराविक देशांत जाताना त्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली मंजुरी घ्यावी लागते. त्या १८ देशांत थायलंड आणि मलेशिया दोन्ही आहेत. असा माणूस नुसता फिरायला म्हणून तिकडे जात असेल तर परतीचे तिकीट आपलीच यंत्रणा मागते, कारण पर्यटक म्हणून नेऊन कामाला जुंपण्याचा धंदा जुना आहे. आमच्या पालघर जिल्ह्यात वाडा, विक्रमगड, जव्हारच्या पाड्यांवरची दहावीच्या आत शाळा सुटलेली कितीतरी मुले आज वसई-विरारला कामाला येतात. उद्या त्यांच्याच हातात असा पासपोर्ट असेल. त्यांच्यासाठी ते तिकीट म्हणजे घरी यायची हमी आहे. ती हमी डमी असेल तर नियम असून नसल्यासारखा.

आणि फसायला दहावी नापास असावे लागत नाही. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना थायलंडच्या माई सोटहून हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा तसेच करावे लागले. संगणक येणारी, शिकलेली मुले होती. थायलंडमध्ये नोकरी आहे म्हणून नेली आणि सीमेपलीकडे ढकलली. इराणने तर २२ नोव्हेंबर २०२५ पासून सामान्य भारतीय पासपोर्टवरची व्हिसामाफीच थांबवली. नोकरीच्या किंवा पुढे दुसऱ्या देशात पोचवण्याच्या आमिषाने नेलेल्या भारतीयांचे तिथे खंडणीसाठी अपहरण झाल्याचे आपल्या परराष्ट्र मंत्रालयानेच सांगितले. असा तरुण सहारच्या काउंटरवर येतो तेव्हा त्याच्याकडे परतीचे तिकीट नीट असते, कारण एजंटला नियम पाठ असतो. भटकायला निघालेल्या जोडप्याला नियम माहीत नसतो, म्हणून ते अडते. फसवून नेला जाणारा मुलगा कागद पुरे असल्याने पार होतो. डमी तिकीट विकणारे दुकान बंद करणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. ते गृहखात्याचे आणि आमच्या मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाचे काम आहे हे मला माहीत आहे. पण आरक्षणाच्या यंत्रणेत कोणत्या एजंटकडून किती जागा नुसत्या धरून सोडल्या जातात, हे कंपन्यांना दिसते, आणि कंपन्या आपल्या खात्याखाली येतात.

परतीची सोय कोणी करायची, हा प्रश्न मराठी माणसाला दीडशे-पावणेदोनशे वर्षे जुना आहे. १८३४ पासून करारबद्ध मजूर मॉरिशसला नेले जाऊ लागले, पुढे मुंबई बंदरातून कोकणातली मराठी माणसेही गेली. सुरुवातीच्या करारांत पाच वर्षे पुरी झाली की मायदेशी परत आणण्याची तरतूद असे. मळेवाल्यांना ती परवडेना, आणि नंतर ती काढून टाकली गेली. ज्यांना परत यायचे होते अशी कितीतरी माणसे तिथेच राहिली, तिथेच गेली. ज्या पायऱ्या चढून ती पोर्ट लुईला उतरली त्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांचे वंशज आज तिथे गणपती बसवतात, त्या दिवशी देशाला सुट्टी असते. त्याच मॉरिशसला आज आपण जातो तेव्हा परतीचे तिकीट खिशात असावे लागते. त्या काळी ते तिकीट मजुराचा हक्क होता आणि तो त्याच्याकडून काढून घेतला गेला. आमच्या घरांतल्या खलाशांनी तो हक्क पुन्हा मिळवला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००६ च्या सागरी श्रम करारानुसार खलाशाला घरी पोचवण्याचा खर्च जहाजमालकाचा, आणि भारताने तो करार २०१५ मध्ये स्वीकारला. म्हणूनच जहाजावर रुजू व्हायला निघालेला मुलगा एकेरी तिकिटावर जाऊ शकतो. त्याच्या हातात कंपनीचे हमीपत्र असते आणि काउंटरवर ते मानले जाते. त्याच्या परतीमागे कोणीतरी उभे आहे. पर्यटकाच्या मागे तसे कोणी नाही, त्याचा तो स्वतःच. म्हणून त्याला निदान वेळेवर सांगा.

करायचे काय, ते माझ्या समजुतीप्रमाणे लिहिते. महासंचालनालयाने २०१० मध्ये प्रवाशांच्या सोयीचा नियम केला आणि जागांपेक्षा जास्त तिकिटे विकून माणसाला उतरवले तर भरपाई द्यायला लावली. कंपन्यांनी कुरकुर केली असेल, पण नियम चालला. त्याच धर्तीवर एक नियम हवा: भारतातून परदेशाला जाणारे कोणतेही तिकीट विकताना, मग ते कंपनीच्या संकेतस्थळावर असो, प्रवासाच्या अॅपवर असो की स्टेशनबाहेरच्या दुकानात असो, त्या प्रवाशाच्या पासपोर्टला तिथे काय लागते ते पैसे घेण्याआधी दाखवायचे आणि तिकिटावर छापायचे. कंपनीने ते दाखवले नव्हते असे निघाले आणि त्याच कारणावरून काउंटरवर अडवले, तर पैसे परत. दाखवले होते आणि प्रवाशाने ऐकले नाही, तर ती त्याची जबाबदारी, त्यावर माझे काही म्हणणे नाही.

शिवाय बोर्डिंग नाकारले तर कारण लेखी द्या. कोणत्या देशाचा कोणता नियम, किती वाजता, कोणी सांगितले, एवढे एका कागदावर. प्रवाशांच्या तक्रारींसाठी आपल्या खात्याची एअरसेवा २०१६ पासून आहे, ग्राहक आयोग आहेत, पण तक्रार करायला हातात काहीतरी लागते. ‘सिस्टीममध्ये आहे’ हे तोंडी उत्तर घेऊन माणूस ग्राहक आयोगात काय दाखवणार? त्या पडद्यावरच्या चार ओळी छापून द्यायला हरकत कसली?

आणखी एक सुचवते, जमले तर पाहावे. टर्मिनलवर, काउंटरच्या अलीकडे, एक मदतकक्ष असू द्या, जिथे अशा अडलेल्या प्रवाशाला सरळ दराने, न वापरल्यास बहुतांश पैसे परत मिळणारे तिकीट काढता येईल. विमा, परकीय चलन, सिमकार्ड विकणारे इतके गाळे तिथे आहेत. हा एक त्यांच्यात बसेल. तो असला तर व्हॉट्सअॅपवरच्या डमी तिकिटाकडे वळायची गरज उरणार नाही.

एप्रिलच्या अखेरीस शाळांना सुट्ट्या लागतात आणि आमच्याकडची कुटुंबे त्यासाठी फेब्रुवारी-मार्चपासून तिकिटे काढू लागतात. सगळा नियम तयार व्हायला वेळ लागेल, हरकती मागवाव्या लागतील, हे मी समजते. पण पैसे भरण्याच्या पानावरच्या त्या दोन ओळी भारतीय कंपन्यांना एका परिपत्रकाने सांगता येण्यासारख्या आहेत. तेवढे परिपत्रक या सुट्टीच्या आरक्षणाआधी काढावे, आणि त्याची मराठी प्रत राज्यातल्या वर्तमानपत्रांकडे पाठवावी, ही विनंती.

कळावे.

आपली,
वसई (पश्चिम) येथील एक निवृत्त शिक्षिका
ता. वसई, जि. पालघर